रेव्हेलेशन्स २ आता घ्यावा का? तुम्ही विचारलंत म्हणून

दर सेलला हा प्रश्न येतोच. ‘रेसिडेंट ईव्हिल रेव्हेलेशन्स २ घेऊ का? अर्धे म्हणतात भारी आहे, अर्धे म्हणतात पैसे पाण्यात. ऐकायचं कोणाचं?’

ज्याचं ऐकणार आहात त्याला आधी तीन गोष्टी विचारा. कधी खेळलास? कशावर खेळलास? आणि एकट्याने खेळलास की जोडीने? या गेमबद्दलची जवळजवळ सगळी भांडणं या तीन उत्तरांपाशी मिटतात. तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण हा भीतीचा व्हिडिओ गेम मुळात एका सोफ्यावरच्या दोन माणसांसाठी बांधलेला आहे. एकट्याने खेळून नावं ठेवणारा खोटं बोलत नसतो, पण तो अर्धाच गेम खेळलेला असतो.

आधी ‘कधी’. गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने तो फेब्रुवारी २०१५च्या शेवटच्या आठवड्यापासून चार भागांत काढला, दर आठवड्याला एक. तेव्हा सुटा भाग जवळपास ६ डॉलरला, पूर्ण सीझन २५ला, आणि चौथ्या भागाच्या सुमारास आलेली डिस्क ४० डॉलरची. प्रत्येक भागाचे दोन तुकडे. पहिल्यात क्लेअर रेडफील्ड आणि मोइरा बर्टन एका बेटावरच्या तुरुंगात जाग्या होतात. हाताला कडं, आणि मनातली भीती वाढली की ते हिरव्याचं लाल होत जातं. दुसऱ्या तुकड्यात मोइराचा बाप बॅरी तिला शोधत त्याच बेटावर येतो आणि त्याला नतालिया नावाची लहान मुलगी भेटते. दोन तुकड्यांमध्ये सहा महिन्यांचं अंतर आहे, आणि ते पहिल्या भागाच्या शेवटी कळतं.

ज्यांनी तेव्हा आठवड्याला एक भाग खेळला, ते अजून त्याबद्दल प्रेमाने बोलतात. दूरदर्शनच्या काळात साप्ताहिक मालिकेचा भाग संपला की सोमवारी ऑफिसात चर्चा व्हायची, तसाच प्रकार: बेटावरचा तो आवाज कोणाचा, नतालिया नक्की कोण, यावर आठवडाभर तर्क. नंतर डिस्क घेऊन दोन दिवसांत फडशा पाडणाऱ्यांची तक्रार वेगळी. बॅरीला क्लेअरच्याच बऱ्याच जागांतून पुन्हा जावं लागतं. आठवड्याला एक भाग खेळणाऱ्याला ती ओळखीची जागा एकदा दिसते आणि ‘अरे, सहा महिन्यांत हिची काय दशा झाली’ असं वाटतं. सलग बसणाऱ्याला तेच आठ-दहा तासांत चार वेळा दिसतं, आणि मग कॅपकॉमने खर्च वाचवला एवढंच जाणवतं. दोघंही बरोबर आहेत. खर्च वाचवलाच आहे. पण क्लेअरच्या तुकड्यात केलेल्या काही गोष्टींचे परिणाम बॅरीच्या वाटेवर दिसतात, तेव्हा त्या जागा निव्वळ उसन्या नाहीत. उपाय सोपा: एका संध्याकाळी एकच भाग. भागाला दोन-अडीच तास पुरतात. अपवाद चौथ्याचा, तिथे क्लेअरचा तुकडा इतका तोकडा आहे की नीट बसेपर्यंत संपतो आणि सगळा भार बॅरीवर येतो.

आता ‘कशावर’. पीसीवाल्यांची नाराजी समजून घ्या, कारण स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात जुने रिव्ह्यू वाचलेत तर घाबराल. गेम आला तेव्हा पीसीवर एकाच मशीनवर दोघांनी खेळायची सोय नव्हती, आणि विक्रीच्या पानावर मात्र ती असल्याचं लिहिलेलं होतं. लोक भडकले, आणि रास्त भडकले. मॉड बनवणाऱ्यांनी, म्हणजे गेममध्ये परस्पर बदल करणाऱ्या हौशी लोकांनी, ती सोय आधी उघडून दाखवली, मग कॅपकॉमने बीटा, म्हणजे चाचणीपुरता, अधिकृत पॅच दिला. त्या आठवड्यातले अंगठे-खाली रिव्ह्यू तेव्हाच्या गेमबद्दल खरे होते, आजच्या नाही. आज पीसीवर जोडीने खेळायचं तर दोन कंट्रोलर घ्या. कीबोर्ड एकाकडे आणि कंट्रोलर दुसऱ्याकडे या भानगडीत पडू नका. ऑनलाइन जोडीदाराची अपेक्षा मात्र कुठल्याच मशीनवर ठेवू नका. कथेचा भाग फक्त एका पडद्यावर, शेजारी बसून. ऑनलाइन आहे ते रेड मोडमध्ये, त्याबद्दल पुढे.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जुनी डिस्क शोधणाऱ्यांसाठी दोन सूचना. प्लेस्टेशन ४ची (पीएस४) डिस्क पीएस५वर चालते, पण तुमचा पीएस५ डिस्क ड्राइव्हवाला हवा. निन्टेन्डो स्विचवाल्यांनी जास्त जपायचं. बाहेरून आयात होऊन येणारा ‘रेव्हेलेशन्स कलेक्शन’चा अमेरिकन डबा दिसायला दोन्ही गेमचा आहे, पण कार्ट्रिजमध्ये फक्त पहिला गेम. दुसरा डाउनलोड कोडवर, आणि तो कोड पहिल्या मालकाने वापरलेला असणार. दुकानदार शपथेवर सांगेल की दोन्ही आहेत. त्याचाही दोष नाही, डब्यावर दोघांचीही चित्रं आहेत. डिजिटल घेतानाही नाव पूर्ण वाचा. ‘एपिसोड वन’ म्हणजे एकच भाग, स्वस्त दिसतो म्हणून बोट दाबू नका. पूर्ण सीझन किंवा डीलक्स असं लिहिलेलं हवं.

स्विचवर विरार ते चर्चगेट खेळता येईल का, असंही विचारतात. खिडकीची जागा मिळाली तर क्लेअरचा तुकडा येईल, पण हेडफोन हवेत आणि ब्राइटनेस वाढवायचा मोह आवरायला हवा. या गेममध्ये अंधार ही शोभा नाही, काम आहे. उजेड वाढवलात की मोइराच्या टॉर्चचं प्रयोजनच संपतं.

आणि आता खरी गोष्ट: दोघांचं.

प्रत्येक जोडीत एक बंदूकवाला आणि एक बिनबंदुकीचा. मोइराने लहानपणी चुकून बहिणीवर गोळी झाडली होती, म्हणून ती बंदुकीला हात लावत नाही. तिच्याकडे टॉर्च आणि पहार. नतालियाकडे फार तर वीट. एकट्याने खेळणाऱ्याला हे त्रासाचं होतं: बटण दाबून मोइरा व्हा, फळी उचकटा, पुन्हा क्लेअर व्हा, गोळी घाला. मध्येच लढाई लागली की हातात नको ती बाई असते. ‘साथीदार म्हणजे ओझं’ ही तक्रार इथूनच येते.

दुसरा कंट्रोलर कोणाच्या तरी हातात गेला की चित्र पालटतं. आणि तो कोणीतरी गेमर नसला तर उलट बरं. नेम धरायची ज्याला सवय नाही अशी ताई, बायको, कॉलेजातला भाचा, कोणीही मोइरा उत्तम खेळू शकतं. टॉर्चचा झोत एकवटून शत्रूच्या तोंडावर धरायचा. क्षणभरात तो डोळे झाकून डगमगतो. मग क्लेअरने जवळ जाऊन हाणामारीचं बटण, किंवा मोइराने पहार. गोळी खर्च होत नाही. एकट्या क्लेअरला हेच करायचं तर गुडघ्यावर गोळी, तो वाकला की धाव आणि लाथ. एका गोळीचं काम, पण नेम हवा. झोत फिरवत राहिलं की दडलेल्या वस्तू चमकून वर येतात, भिंतींवरची लपलेली चित्रंही त्यातच दिसतात. बंदूकवाला ‘पुढे चल’ म्हणत असतो आणि टॉर्चवाली ‘थांब, कोपऱ्यात काहीतरी आहे’ म्हणून गोळ्यांची पेटी काढून देते. पुढे गोळ्या संपायला लागल्या की कोणाचं ऐकायला हवं होतं ते कळतं.

बॅरीच्या तुकड्यात हे अजून धारदार होतं. नतालिया भिंतीपलीकडचे शत्रू बघू शकते. बॅरी वाकून मागून गेला तर गुपचूप संपवू शकतो, पण कुठून जायचं हे तिच्या खेळाडूने सांगायचं. रेव्हनंट नावाचे प्राणी नुसतं कुठेही गोळ्या घालून मरत नाहीत, तुटलेला भाग पुन्हा उगवतो. त्यांचा कमकुवत बिंदू नतालियाच दाखवते. नवखे इथे रायफलच्या सगळ्या गोळ्या संपवतात आणि मग गेम अवघड आहे म्हणतात.

सगळ्यात कठीण ग्लास्प. हे उडणारे किडे अदृश्य असतात. जवळ आले की बॅरीचा पडदा हेलकावायला लागतो, आणि पकडलं की एका फटक्यात खेळ खलास. नतालियाला ते धुरकट डागासारखे दिसतात. एकट्याने खेळताना कॉम्प्युटरची नतालिया बोट दाखवत दिशा ओरडते, आणि तुम्ही हवेत गोळ्या झाडता. जोडीने असाल तर शेजारचा ओरडतो, ‘डावीकडे, अजून डावीकडे, खाली, आता!’ भीती आणि हसू एकाच वेळी येतं. इतर गेममध्ये दुसरा खेळाडू म्हणजे दुसरी बंदूक. इथे दुसरा खेळाडू म्हणजे डोळे. मला या गेमची सगळी किंमत त्या ओरडण्यात वसूल झालेली वाटते.

तोटाही सांगतो. जोडीने खेळताना पडदा वाटला जातो, आणि आपल्याकडच्या हॉलमधल्या बत्तीस इंची टीव्हीवर अक्षरं मुंगीएवढी होतात. कागदपत्रं वाचायची असतील तर पुढे सरकून बसा. रात्री अकरानंतर शेजाऱ्यांचाही विचार करा. सोसायटीच्या भिंती ग्लास्पइतक्याच पातळ असतात.

कथेबद्दलच्या तक्रारी थोडक्यात. विश्वासघात करणारा कोण हे पहिल्या भागातच ओळखू येतं, खरं आहे. मोइराच्या शिव्या जास्त होतात, खरं आहे. क्लेअरचा नेहमीचा आवाज बदलला, त्याचा जुन्या चाहत्यांना राग, समजू शकतो. खलनायिका लेखक काफ्का याची वाक्यं फेकत राहते, त्यावर दुमत आहे, मला चालतं. आधीचे गेम खेळायला हवेत का? पहिला रेव्हेलेशन्स नाही खेळलात तरी अडत नाही. बॅरी १९९६च्या पहिल्या गेममधला, क्लेअर १९९८च्या दुसऱ्यातली, आणि वेस्कर नावाच्या माणसाने या मालिकेत फार उपद्व्याप केले, एवढं माहीत असलं की पुरे.

आता शेवटाचं. ज्यांना स्वतः शोधायचंय त्यांनी हा परिच्छेद गाळावा. गेमला दोन शेवट आहेत, आणि वाईट शेवट पाहून ‘अर्धवट संपवला’ म्हणणारे पुष्कळ. निर्णय चौथ्या भागात नाही, तिसऱ्यात होतो. क्लेअरच्या तुकड्याच्या अखेरीस तिचा वरिष्ठ नील तिला जमिनीवर दाबून धरतो आणि बंदूक बाजूला पडते. पडद्यावर क्लेअरचा हात बंदुकीकडे जातो, बटण दाबावंसं वाटतं. दाबू नका. पात्र बदलायचं बटण दाबून मोइरा व्हा, आणि तिला बंदूक उचलायला लावा. जोडीने खेळत असाल तर क्लेअरवाल्याने हात आवरायचा, मोइरावाल्याने धावायचं. क्लेअरने स्वतः सोडवणूक केली की वाईट शेवट ठरला. गेम हे कुठेच सांगत नाही. भीतीवर मात करायची ती मोइराने, हे कथेला धरून आहे, आणि अख्ख्या गेममधली ही सर्वांत हुशार जागा आहे. पण इशारा न देता पुढच्या भागात शिक्षा देणं खेळाडूवर अन्यायही आहे. चुकलात तर सगळं पुन्हा नको. मेन्यूतून तिसऱ्या भागाचा क्लेअरचा तुकडा पुन्हा घ्या, बरोबर निवडा, आणि चौथा भाग खेळा.

उरलं ते रेड मोड आणि दोन छोटे जादा भाग. रेड मोडमध्ये दोनशेहून जास्त लहान मोहिमा आहेत, पातळी वाढते, बंदुका वाढतात. कथा आवडली नाही तरी यात शंभर तास घालवणारे आहेत, आणि ऑनलाइन जोडीदार इथेच मिळतो. मेल्यावर जिवंत करणारे लाइफ क्रिस्टल खऱ्या पैशांनी विकायला ठेवलेत, ते घेऊ नका. रोजच्या मोहिमांतूनही मिळतात, आणि त्यांच्याशिवाय सगळं खेळता येतं.

छोट्या भागांपैकी नतालियाचा ‘लिटल मिस’ लपतछपत जायचा, बंदूक नाही, जेमतेम तासाभराचा. मुख्य गेम संपल्यावरच खेळा, नाहीतर नतालियाचं गुपित आधीच फुटेल. मोइराचा ‘द स्ट्रगल’ मात्र माणसं चिडून सोडतात. त्यात मोइरा आणि एव्हगेनी नावाचा म्हातारा शिकार करून अन्न साठवतात, आणि पुढे मेलात की प्रत्येक नव्या प्रयत्नाला त्या साठ्यातलं अन्न खर्च होतं. साठा संपला की भाग पहिल्यापासून. म्हणून शिकारीच्या टप्प्यात घाई करू नका. दिसेल तो प्राणी मारा, कोपरे तपासा, आणि पुरेसं जमल्यावरही थोडं जास्तच जमवा. तो भाग अवघड जातो तो लढाईमुळे नाही, सुरुवातीलाच कमी शिधा घेऊन निघाल्यामुळे.