अलेथिया आणि माझा डावा पाय

आज क्लाइंबिंग वॉलवर जेमतेम बारा फुटांवर डावा पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागला. कमरेला दोर होता, तरीही! खालून विचारलं, तर "मस्त चाललंय" म्हणून ओरडलो. साफ खोटं.

ग्रीक लोक सत्याला 'अलेथिया' म्हणत. 'लेथे' म्हणजे विस्मरण, झाकलं जाणं. ते नसणं म्हणजे अलेथिया. पायाने माझं झाकण उडवलंच की.

अमेरिकन क्लाइंबर ॲलेक्स होनोल्ड ३ जून २०१७ला कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटनचा सुमारे ९०० मीटरचा कडा दोराशिवाय चढला, ३ तास ५६ मिनिटांत. मला मात्र २०१६चा होनोल्ड जास्त भावतो. त्याच कड्यावर, कॅमेरे रोखलेले, आणि हा पठ्ठ्या थोडं चढून सरळ मागे फिरला.

रविवारी परत जातोय. हातांची सालटं निघालीत, चहाचा कपही धरवत नाहीये.