शेजारच्यांची पापणी आपोआप उघडली, मग आम्हांला एमआरआय का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. पुण्याच्या पेठांत नेत्रचिकित्सा करताना हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो. ‘आमच्या वाड्यातल्या आजोबांची पापणी अशीच एका सकाळी पडली होती, साखर आटोक्यात आली आणि तीन महिन्यांत ती आपोआप उघडली, मग आम्हांलाच मेंदूचा एमआरआय कशासाठी?’ विचारणाऱ्याच्या मनात मी उगाच खर्च वाढवतो आहे अशी शंका असते, आणि ती पुणेकराने बोलून दाखवली नाही तरच नवल. आजोबांविषयी त्यांनी सांगितलेले बहुधा खरेच असते. परंतु पडलेली पापणी एकसारखी दिसली, तरी तिच्यामागचे कारण एकच असते असे नाही.

मेंदूशी जोडलेल्या नसांच्या १२ जोड्यांपैकी तिसरी नस डोळा फिरवणाऱ्या सहांपैकी चार स्नायू आणि पापणी उचलणारा स्नायू चालवते, शिवाय बाहुली लहान करणारे तंतूही तिच्यातूनच जातात. ती बंद पडली की पापणी मिटते, आणि उचलून पाहिली तर डोळा कानाच्या बाजूला व थोडा खाली वळलेला दिसतो. कारण चौथ्या आणि सहाव्या नसेवर चालणारे दोन स्नायू शाबूत असतात आणि त्यांना मागे खेचणारे कोणी उरलेले नसते. पापणी पूर्ण पडली असेल, तर रुग्णाला दोन-दोन दिसत नाही. बोटाने ती उचलली की मगच एका वस्तूच्या जागी दोन दिसू लागतात. त्यामुळे पुष्कळांना हा केवळ पापणीचा आजार वाटतो आणि आठवडाभर गरम शेक देण्यात जातो.

आता बाहुलीकडे वळू, कारण माझे सारे लक्ष तिथे असते. बाहुलीचे तंतू या नसेच्या बाहेरच्या थरातून जातात, तर स्नायूंचे तंतू आतल्या गाभ्यातून. मधुमेह आणि रक्तदाब यांमुळे नसेला रक्त पुरवणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्या बंद होतात, तेव्हा उपासमार गाभ्याची होते आणि बाहुली बहुधा वाचते. याउलट मेंदूच्या तळाशी असलेल्या रोहिणीला फुगा आला आणि तो नसेवर बाहेरून दाबू लागला, तर पहिला मार बाहेरच्या थरावर बसतो. बाहुली मोठी होते आणि उजेड टाकला तरी आकसत नाही. हा फुगा फुटला तर मेंदूभोवती रक्तस्राव होतो आणि जीव जाऊ शकतो. म्हणून पडलेली पापणी, मोठी बाहुली आणि डोकेदुखी अशा रुग्णाला मी दुसऱ्या दिवसाची वेळ देत नाही. त्याच तासाला वाहिन्यांचे चित्र दाखवणाऱ्या सीटी तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवतो. दुखण्यावरून मात्र निवाडा करता येत नाही, कारण मधुमेहातही भुवईच्या वर चांगलेच दुखते.

एकदा पापणी पडलेल्या चाळिशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या, त्या पडदा तपासण्यासाठी अन्यत्र थेंब घालून. दोन्ही बाहुल्या थेंबांनी मोठ्या झालेल्या, आणि आधी त्या कशा होत्या याची चिठ्ठीत एक ओळही नाही. सर्वांत मोलाची खूण आम्हा डॉक्टरांनीच पुसून टाकली होती. शंकेला जागा नको म्हणून त्यांना तसेच तपासणीला पाठवले. फुगा सापडला आणि तो वेळेत बंद करण्यात आला. तेव्हापासून आमच्याकडे पापणी पडलेल्या कोणत्याही रुग्णाला बाहुल्यांची नोंद झाल्याशिवाय थेंब घालत नाहीत.

बाहुली नीट असली तरी ती पक्की हमी नव्हे. नस अर्धवटच अधू झाली असेल, तर आज नीट दिसणारी बाहुली चार दिवसांनी मोठी होऊ शकते, म्हणून पहिल्या आठवड्यात मी रुग्णाला पुन्हा पुन्हा बोलावतो. मोठ्यांमध्ये गाठी, पियुष ग्रंथीतला रक्तस्राव आणि दुचाकीवरून पडून डोक्याला लागलेला मार ही कारणेही असतात. २०२१ साली करोनानंतरच्या काळ्या बुरशीने डोळ्याच्या खोबणीतल्या नसा कशा खाल्ल्या, हेही आम्ही पाहिले. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडणारी पापणी मात्र निराळी: तो बहुधा स्नायूंच्या थकव्याचा मायस्थेनिया असतो, आणि त्यात बाहुली बिघडत नाही.

मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यात दोष जन्मजात असतो, किंवा डोक्याला मार, मेंदुज्वर, क्वचित गाठ यांतून येतो. मधुमेहाचे ते आजोबा इथे उपयोगाचे नाहीत. मूल दोन दिसते अशी तक्रारही करत नाही, कारण त्याचा मेंदू वाकड्या डोळ्याचे चित्र सरळ नाकारतो आणि तो डोळा आळशी होतो. दृष्टी घडण्याचा काळ साधारण ७-८ वर्षांपर्यंतचा असल्यामुळे तिथे थांबून पाहणे महागात पडते. चष्म्याचा नंबर देऊन चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावावी लागते. ‘चांगलाच डोळा का झाकता?’ असे आजी हमखास विचारते, आणि मला तिचा राग येत नाही. ते खरोखरच उफराटे वाटते.

मोठ्यांमध्ये कारणावर उपचार झाला की उरते ते थांबणे. मधुमेहाच्या रुग्णांत नस बहुतेक वेळा तीन महिन्यांत सावरते. मार लागून झालेल्या इजेत सुधारणा अनेकदा अपुरी राहते. कधी नसेचे तंतू पुन्हा वाढताना वाट चुकतात आणि नाकाकडे पाहिले की पापणी वर उडते. तोवर एका डोळ्यावर पट्टी, किंवा चष्म्याच्या काचेवर चिकटवायचा प्रिझम, म्हणजे उजेड वळवून दोन चित्रे एकत्र आणणारी पट्टी. डोळ्यांच्या व्यायामाने ही नस चालू होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे.

सहा महिने उलटून डोळ्याची स्थिती स्थिर झाल्यावरच तिरळेपणाची शस्त्रक्रिया करतात: बाहेर ओढणारा स्नायू बराच ढिला करतात आणि आतला आखडतात. समोर पाहताना व वाचताना डोळा सरळ राहावा एवढेच उद्दिष्ट असते. सर्व दिशांना पूर्वीसारखा फिरणारा डोळा परत देता येत नाही. पापणीचा क्रम त्यानंतरचा, कारण आधीच ती उचलली तर झाकलेले दोन-दोन दिसणे उघडे पडते. ती उचलतानाही जरा कमीच उचलतात: एरवी झोपेत बुबुळ वर सरकून झाकले जाते, पण या रुग्णांचा डोळा वर जातच नाही आणि उघड्या फटीतून बुबुळ कोरडे पडते. म्हणून पापणी उंचावल्यानंतर रात्री मलम लावायचे असते, आणि ते बऱ्याच जणांना पुढेही चालू ठेवावे लागते.