बेअरिंग बदला, पिस्टनला हात लावू नका

पावसाळा संपता संपता एका मित्राने त्याचं मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन (मिथेनॉलवर चालणारं) आणून दिलं. पॉइंट फॉर्टी-सिक्स घनइंच, म्हणजे साडेसात सीसी. म्हणाला, "प्रॉपेलर फिरवला की पिस्टन वर जाऊन अडकतो. बदलावा लागणार, नाही का रे?"

अजिबात नाही. हे एबीसी इंजिन आहे. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळी लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी), त्याला आतून क्रोम. लायनर वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो, म्हणून थंड इंजिनात पिस्टन टॉपला घट्ट बसतो. मुद्दाम तसं केलेलं असतं. इंजिन तापलं की लायनरचं वरचं टोक जास्त फुगतं आणि फिटिंग जुळून येतं. ही पकड एमरीने घासून 'मोकळी' करणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्या इंजिनांना पुन्हा कॉम्प्रेशन काही आलं नाही.

दुखणं होतं बेअरिंगमध्ये. इंधनातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आमच्या दमट हवेत उरलेलं इंधन आत राहिलं की स्टील गंजलंच. शाफ्ट बोटांनी फिरवला तर खरखर हाताला कळत होती.

मागच्या बेअरिंगचा नंबर 6902, पुढच्याचा 607. मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवर दोन्ही मिळाली. सी-3 क्लिअरन्सचीच मागा, म्हणजे आत जरा जास्त मोकळीक असलेली. मागच्याचे दोन्ही सील काढायचे, पुढच्याचं फक्त आतलं, कारण बेअरिंगला तेल इंधनातूनच मिळतं.

इंधनातलं एरंडेल जळून लाखेसारखं चिकटलं होतं. सुटे भाग जुन्या पातेल्यात गाडीच्या कूलंटमध्ये मंद गरम केले. गॅलरीत, दार लावून. कूलंट विषारी असतं, ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. मग नुसती क्रँककेस ओटीजीमध्ये दीडशे अंशांवर. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे लाकडावर आपटताच मागचं बेअरिंग टपकन बाहेर पडतं. पुढचं आतून लाकडी दांडीने हलकेच ठोकावं लागलं. नवी बेअरिंग फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. (बायकोने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.) तापलेल्या केसमध्ये ती नुसत्या बोटाच्या दाबाने बसली. दाबायचं झालंच तर बाहेरच्या कड्यावर दाबा, आतलं कडं दाबलं की गोळ्यांचे ठसे रेसवर, म्हणजे त्यांच्या खाचेत, उमटतात.

कनेक्टिंग रॉडची पुढची बाजू उघडतानाच मार्करने खुणावून ठेवली होती. पिस्टन, लायनर होते तसेच परत गेले.

पहिल्या टाकीला नीडल (इंधन कमी-जास्त करणारी सुई) उघडी ठेवून, जास्त इंधनावर, थंड चालवायची जुनी पद्धत रिंगवाल्या इंजिनांची. एबीसीला ती घातक, कारण लायनर फुगतच नाही आणि पिस्टन घासत राहतो. टू-स्ट्रोक (दर फेरीला स्फोट) आणि फोर-स्ट्रोकच्या (एकाआड एक फेरीला) सीमेवर आवाज झुलेल इतपत नीडल बंद करायची, इंजिन चांगलं तापू द्यायचं.

मित्राला इंजिनाबरोबर गंज रोखणाऱ्या आफ्टर-रन तेलाची बाटलीही दिली. विमान उतरलं की इंधनाची नळी काढून उरलंसुरलं जाळायचं, मग कार्ब्युरेटरमध्ये थोडं तेल. "हो हो," म्हणाला. पुढच्या पावसाळ्यानंतर परत येतो की नाही बघा.