तीन बरोबर, दोन चूक

सोलापूर, मंगळवार रात्र

आज विणकामाच्या ऑनलाइन कोर्समधल्या टेरी टॉवेलच्या धड्यावरचे प्रश्न बसवायला घेतले. एकापेक्षा जास्त उत्तरे बरोबर असलेला प्रश्न लिहिताना बहुतेक वेळा आधी प्रश्न सुचतो आणि मग त्याला पर्याय चिकटवले जातात. घोळ तिथेच होतो. आधी पाच सुटी विधाने लिहावीत, प्रत्येकापुढे खरे की खोटे ते मांडावे आणि प्रश्नाचे वाक्य सगळ्यांत शेवटी घ्यावे. अशा प्रश्नातला प्रत्येक पर्याय हा स्वतंत्र खरे-खोटेच असतो.

आजची पाच अशी (ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, बाणा म्हणजे आडवा धागा, लूप म्हणजे टॉवेलवरची सुताची वेटोळी, पाया म्हणजे मूळ कापड). टेरी टॉवेल विणायला दोन ताणे लागतात: खरे. लूपचा ताणा पायाच्या ताण्यापेक्षा सैल सोडतात: खरे. लूप बाण्याच्या धाग्यातून उठतात: खोटे. लूप उंच केले की टॉवेलला सूत जास्त लागते: खरे. लूप कापल्याशिवाय टॉवेल पाणी शोषत नाही: खोटे. ‘टॉवेल सुती असतो’ हे सहावे विधान काढून टाकले. बहुतेक असतो, नेहमीच असतो असे नाही. आणि ज्याच्या घरी माग आहे तो मुलगा नेमका तिथेच अडतो. जास्त माहिती असलेल्याचे गुण ज्या पर्यायाने जातात, तो पर्याय ठेवायचा नाही.

खोटी विधानेही हवेतून काढायची नसतात. बाण्यातून लूप उठणारी कापडे असतात, म्हणून ती गल्लत खरोखर होते. ‘टॉवेल कागदाचा असतो’ असले काही लिहिले तर पाचाचे चारच पर्याय उरतात.

मराठीत आणखी एक गळती असते, लिंगवचनाची. ‘बाणा ओवायला कोणता लागतो?’ असे विचारून खाली धोटा, फणी, कांडी हे मागाचे भाग दिले, तर धोटा एकटाच पुल्लिंगी. माग न पाहिलेलाही बरोबर खूण करेल. म्हणून ‘खालीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत?’ हेच वाक्य बरे. बरोबर पर्याय लांबलचक आणि चुकीचे आखूड, हीही तशीच चुगली. आपल्याकडे कितीतरी मुलांच्या घरात तेलुगू किंवा कन्नड बोलतात. ‘कोणते विधान चूक नाही’ असली दुहेरी नकाराची वाक्ये त्यांची भाषा तपासतात, विणकाम नाही.

आता गुण. मूडलमध्ये (ऑनलाइन कोर्स आणि चाचण्या चालवायचे सॉफ्टवेअर) एकच उत्तर की अनेक, हे आधी निवडायचे. मूळ मांडणीत एकच निवडलेले असते. मग प्रत्येक बरोबर पर्यायाला ३३.३३३३३ टक्के. बरोबर पर्यायांची बेरीज १०० झाली नाही, तर प्रश्न सेव्हच होत नाही. चुकीच्या पर्यायांवर मात्र अशी राखण नाही. तिथे शून्य ठेवले, तर पाचही चौकोनांवर खूण करणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. दोन्ही चुकीच्या पर्यायांना उणे ५० द्यावे: सगळ्यांवर खूण केली तर शून्य, दोन बरोबर आणि एक चूक धरले तर सुमारे १६.६७ टक्के. प्रश्नाचा गुण शून्याखाली जात नाही. चार बरोबर, एक चूक अशी मांडणी टाळावी. सरसकट खूण करणाऱ्याला रोखायला त्या एका पर्यायावर उणे १०० ठेवावे लागतात, आणि मग एका चुकीत सगळे वाहून जाते.

गूगल फॉर्मच्या चेकबॉक्स प्रश्नाला अर्धे गुण नाहीत. नेमका पूर्ण संच जुळला तरच गुण. गेटमध्ये (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) २०२१ पासून असे प्रश्न आहेत. तिथेही अंशतः गुण नाहीत आणि उणे गुणही नाहीत. आयआयटी प्रवेशाच्या जेईई ॲडव्हान्स्डमध्ये अंशतः गुण मिळतात, पण एकही चुकीचा निवडला की गुण वजा होतात. दोन्ही निवड-परीक्षा आहेत. शिकवण्यासाठी असलेल्या कोर्सला पूर्ण-किंवा-शून्य ही पद्धत मला पटत नाही. तीनपैकी दोन गोष्टी कळलेल्या मुलाला ‘तुला काहीच येत नाही’ असे सांगणे खोटे आहे.

‘नेमके तीन निवडा’ लिहू नये. पाच पर्यायांतून तीन निवडायचे १० मार्ग. आकडा सांगितला नाही तर किमान एक निवडायचे ३१. शिवाय तीन सापडले की उरलेले दोन कोणी वाचत नाही. ‘एक किंवा अधिक’ एवढेच ठळक लिहावे, कारण मोबाइलवर गोल आणि चौकोन यांतला फरक लक्षात येत नाही. आणि मग काही प्रश्नांत एकच उत्तर खरोखर बरोबर ठेवावे.

पर्यायांचा क्रम आपोआप बदलायला लावला की ‘वरीलपैकी सर्व’ वरही जाऊन बसू शकते. तसाही चौकोनांच्या प्रश्नात तो पर्याय निरर्थकच.

उद्या प्रत्येक पर्यायाचा अभिप्राय लिहायचा आहे, न निवडलेल्या बरोबर पर्यायांचासुद्धा. पंधरा दिवसांनी आकडे बघायचे. एकूण चांगले गुण असलेली मुलेच तिसऱ्या विधानावर खूण करत असतील, तर ‘उठतात’ हा शब्द बदलावा लागेल.