वेंगर यांच्या खरेदी-विक्रीची खतावणी

२००४ साली, महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला असताना, मी एका दोनशे पानी वहीत आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवायला सुरुवात केली. वही आडवी धरून पाच रकाने आखले होते: खेळाडूचे नाव, कोणाकडून आणि कधी घेतला, कितीला घेतला, कितीला विकला आणि शेवटी फरक. फरक नफ्याचा असेल तर निळी शाई, तोट्याचा असेल तर लाल. क्लबचे तेव्हाचे मॅनेजर आर्सेन वेंगर हे ट्रान्सफर बाजारातले केवढे जाणकार आहेत हे मित्रांना आकड्यांनिशी पटवून देणे हा या खटाटोपामागचा उद्देश होता, आणि पहिली काही पाने निळीशार दिसत असल्यामुळे तो बऱ्यापैकी साध्यही होत होता.

बाबा तेव्हा एका सहकारी बँकेत हिशेब तपासणीच्या विभागात होते. फुटबॉलमध्ये त्यांना काडीचाही रस नव्हता, पण रकाने आखलेली वही दिसली की ती उघडून पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. एका रविवारी त्यांनी ती चाळली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "अरे, ह्यात पगार कुठं आहेत?" क्लब पगार जाहीर करत नाहीत, असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "मग ही नुसती बिलांची फाइल झाली. खतावणी कुठाय?"

मला तेव्हा राग आला होता. पण सोल कॅम्पबेलच्या नोंदीपाशी त्यांनी बोट ठेवले आणि माझी बोलती बंद झाली. २००१च्या उन्हाळ्यात टॉटनहॅमशी असलेला करार संपल्यावर कॅम्पबेल थेट त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, म्हणजे आर्सेनलकडे आला. १९९५च्या बॉसमन निकालानंतर करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबला काही द्यावे लागत नाही, म्हणून मी खरेदीच्या रकान्यात ऐटीत शून्य लिहिले होते. पण जी रक्कम टॉटनहॅमला द्यावी लागली नाही तिच्यातला बराच भाग खेळाडू आपल्या पगारात मागून घेतो, हे मी कुठेच धरलेले नव्हते. बाबांनी घसाराही समजावून सांगितला: बँकेने जीप घेतली की तिची सगळी किंमत पहिल्याच वर्षी खर्ची पडत नाही, ती वर्षांवर वाटली जाते. क्लबचे हिशेबनीस नेमके हेच करतात. पुढे २०१३ मध्ये मेसुत ओझिलला ४ कोटी २५ लाख पौंड मोजून पाच वर्षांच्या करारावर आणले तेव्हा वृत्तपत्रांनी पूर्ण रक्कम मथळ्यात छापली; क्लबच्या वह्यांत मात्र ती दरवर्षी ८५ लाख अशी उतरते, आणि त्याच्या पगाराशेजारी मांडली की तिचा बडेजाव बराच कमी होतो.

तरीही माझ्या वहीचा खरा दोष पगार न धरण्याचा नव्हता. तो शेवटच्या रकान्यात, त्या 'फरका'त होता, आणि तो कळायला मला जवळजवळ नऊ वर्षे लागली.

वेंगर यांच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण निकोलस अनेल्कापासून सुरुवात करतो. १९९७ मध्ये पॅरिसहून हा सतरा वर्षांचा मुलगा सुमारे ५ लाख पौंडांत आला आणि १९९९च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने त्याच्यासाठी सुमारे सव्वादोन कोटी पौंड मोजले. माझ्या वहीतली ही सर्वांत निळी नोंद. पण रॉबिन व्हॅन पर्सीची नोंदही तितकीच निळी आहे. २००४ मध्ये फेयेनूर्डकडून २७ लाख ५० हजार पौंडांना घेतला, २०१२ मध्ये मँचेस्टर युनायटेडला सुमारे २ कोटी ४० लाखांना विकला. एकोणतीस वर्षांचा, दुखापतींचा इतिहास असलेला आणि करारात एकच वर्ष उरलेला आघाडीपटू या किमतीला जातो, तेव्हा हिशेबाच्या दृष्टीने विक्री उत्तमच म्हणायची. त्या मोसमात त्याने युनायटेडसाठी लीगमध्ये २६ गोल केले. २८ एप्रिल २०१३ रोजी युनायटेडचा संघ विजेतेपद निश्चित करून आर्सेनलच्या एमिरेट्स मैदानावर खेळायला आला, तेव्हा प्रथेप्रमाणे आर्सेनलच्या खेळाडूंनी मैदानाच्या कडेला दोन रांगा केल्या आणि टाळ्या वाजवल्या. त्या दोन रांगांमधून व्हॅन पर्सी मान थोडी खाली घालून चालत आला. मध्यंतराच्या जरा आधी त्यानेच पेनल्टीवर बरोबरी साधली आणि सामना १-१ असा सुटला. त्या रात्री मी वही काढली, दोन कोटींचा तो निळा आकडा पाहिला आणि शेवटच्या रकान्यावर आडवी रेघ मारली.

अनेल्का आणि व्हॅन पर्सी यांच्या नोंदी आकड्यांत सारख्या दिसत असल्या तरी अर्थाने त्या एकमेकींच्या विरुद्ध का आहेत, याचे उत्तर त्या दोघांत सापडतच नाही. ते त्यांच्या पाठोपाठ त्या जागेवर कोण आले यात सापडते. अनेल्काच्या पैशांतून सुमारे १ कोटी १० लाख पौंडांना थिएरी हेन्री आला, आणि उरलेल्या रकमेचा मोठा भाग लंडन कॉल्नीच्या नव्या सरावकेंद्रासाठी उपयोगी पडला. युव्हेंटसने हेन्रीला कडेला खेळवून निष्प्रभ केले होते. मोनॅकोत त्याला वरिष्ठ संघात पहिली संधी देणारे वेंगरच असल्यामुळे त्या निष्प्रभतेखाली काय आहे हे त्यांना ठाऊक होते. इंग्लंडमधले पहिले सामने त्यानेही कोरडेच घालवले. सप्टेंबर १९९९ मध्ये साउदॅम्प्टनच्या मैदानावर बदली म्हणून उतरून त्याने पहिला गोल केला आणि मग तो थांबला नाही. व्हॅन पर्सीच्या जागी ऑलिव्हिए जिरू आला, जो कष्टाळू आणि उपयुक्त होता, आणि पुढची पाच वर्षे ती जागा अर्धी भरलेली व अर्धी रिकामी राहिली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात लुई सुआरेझसाठी ४ कोटी आणि वर एक पौंड अशी बोली लावून आपण साऱ्या इंग्लंडला हसवले, तेही याच रिकाम्या अर्ध्यापायी. (त्या एका पौंडाबद्दल मी आजही मित्रांची टोमणेबाजी ऐकतो.)

तेव्हापासून मी वही खेळाडूवार ठेवत नाही, जागेवार ठेवतो. गोलरक्षक, मधला बचावपटू, बचावाकडे लक्ष ठेवणारा मध्यरक्षक, आघाडीपटू अशा प्रत्येक जागेला स्वतंत्र पाने आहेत, आणि त्या पानावर ती जागा कोणत्या साली कोणाकडे होती, तो तिथे कसा आला आणि तो गेल्यावर ती किती काळ कोणाविना राहिली, एवढेच लिहिलेले असते. मॅनेजरला बाजार कळतो की नाही हे या पानांवरून जेवढे दिसते तेवढे कोणत्याही नफ्या-तोट्यावरून दिसत नाही, असे माझे मत आहे.

मध्यरक्षकाचे, म्हणजे पॅट्रिक विएराचे पान उघडतो. ऑगस्ट १९९६ मध्ये सुमारे ३५ लाख पौंडांना तो एसी मिलानच्या राखीव खेळाडूंतून आला, तेव्हा वेंगर स्वतः जपानमध्ये नागोयाच्या संघाबरोबर होते. आधी त्यांनी सुचवलेला खेळाडू पोचला आणि मग १ ऑक्टोबरला ते स्वतः. १६ सप्टेंबरच्या रात्री हायबरी या आर्सेनलच्या जुन्या मैदानावर शेफील्ड वेन्सडेविरुद्ध संघ एका गोलने मागे होता, पहिल्या अर्ध्या तासातच रे पार्लर जायबंदी झाला आणि हा वीस वर्षांचा उंच मुलगा मैदानात आला. सामना ४-१ असा जिंकला. इयान राइटने तीन गोल केले, पण ज्यांनी तो सामना पाहिला ते आजही विएराबद्दलच बोलतात. नऊ वर्षांनी, मे २००५ मध्ये, एफए कपच्या अंतिम सामन्यात निर्णायक पेनल्टी मारणे हे त्याचे आर्सेनलसाठीचे शेवटचे काम ठरले आणि त्या उन्हाळ्यात तो सुमारे १ कोटी ३७ लाखांना युव्हेंटसकडे गेला.

कर्णधार विकला आणि तसा दुसरा घेतलाच नाही, अशी टीका तेव्हा सर्वत्र झाली, आणि २००५ची ट्रान्सफर विंडो (खेळाडू घेण्या-विकण्याची ठरावीक मुदत) एकटी पाहिली तर ती टीका खरीच वाटते. पण या जागेची खरेदी २००३ मध्येच झालेली होती. बार्सिलोनाच्या अकादमीतून सोळा वर्षांचा सेस्क फॅब्रेगास जवळजवळ नगण्य रकमेत आला होता. विएरासारखा खेळाडू तो नव्हता. वेंगर यांनी त्या जागेचा आकारच बदलला. मार्च २००६ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्यपूर्व फेरीत युव्हेंटस हायबरीवर आले, मधल्या फळीत विएरा होता, आणि अठरा वर्षांच्या फॅब्रेगासने एक गोल केला व दुसऱ्याचा पास हेन्रीला दिला. २-०. त्यापेक्षा स्पष्ट पावती मला माहीत नाही. एका विंडोचे गुणपत्रक सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मांडणाऱ्यांनी या पानाकडे जरूर पाहावे.

हेच पान पुढे दोन-तीन ओळींत बिघडते. २००७-०८ मध्ये फॅब्रेगासच्या शेजारी मॅथ्यू फ्लामिनी धावत होता आणि संघ फेब्रुवारीपर्यंत लीगमध्ये आघाडीवर होता; शेवटी ८३ गुणांसह तिसरा आला, युनायटेडपेक्षा केवळ चार गुणांनी मागे. उन्हाळ्यात फ्लामिनीचा करार संपला आणि तो मिलानला निघून गेला, गिल्बर्टो सिल्वा ग्रीसला गेला. त्याच उन्हाळ्यात घेतलेले सामीर नास्री आणि सतरा वर्षांचा एरन रॅम्सी ही दोन नावे जुन्या वहीत उत्तम खरेदी म्हणून शोभतात, आणि खेळाडू म्हणून ती होतीही. मात्र रिकामी झालेली जागा त्यांच्यापैकी एकाचीही नव्हती. चार गुण कमी पडलेल्या संघाने त्या वर्षी काय आणायला हवे होते हे हायबरीच्या जुन्या प्रेक्षकांपैकी कुणीही सांगितले असते, आणि वेंगर यांना ते दिसत नव्हते असे मला वाटत नाही. हाताशी असलेला तरुण त्या जागेत वाढेल, हा एकदा खरा ठरलेला डाव ते पुन्हा लावत होते.

गोलरक्षकाचे पान सर्वांत लहान आणि माझ्या मते सर्वांत बोलके आहे. २००३च्या उन्हाळ्यात डेव्हिड सीमन गेला आणि वेंगर यांनी संघासाठी एकच मोठे नाव आणले: तेहतीस वर्षांचा जेन्स लेहमन, सुमारे १५ लाख पौंडांना. त्याच महिन्यांत चेल्सीत नवे मालक अब्रामोविच यांच्या पैशांचा पाऊस पडत होता. लेहमन लीगचे सर्व ३८ सामने खेळला आणि संघ त्यांपैकी एकही हरला नाही. २०१५च्या उन्हाळ्यातही वेंगर यांनी वरिष्ठ संघासाठी एकच खेळाडू आणला, तोही गोलरक्षक आणि तोही तेहतीस वर्षांचा: चेल्सीचा पेत्र चेक. चेक चांगलाच खेळला. पण २००३ मध्ये बाकीच्या दहा जागांवर ऐन भरातले खेळाडू उभे होते, तर २०१५ मध्ये आघाडीला जवळजवळ एकटा जिरू होता आणि बचावापुढची जागा फ्रान्सिस कोकलँकडे होती, ज्याला काही महिन्यांपूर्वीच चार्ल्टन क्लबमधल्या उसनवारीवरून परत बोलावले होते. नोव्हेंबरमध्ये आधी कोकलँ आणि मग त्याच्या शेजारचा मध्यरक्षक काझोर्ला जायबंदी झाले. चेल्सी, मँचेस्टर सिटी आणि युनायटेड हे तिघेही घसरलेल्या त्या मोसमात लेस्टर विजेते झाले आणि आर्सेनल दहा गुणांनी मागे, दुसरे. वेंगर यांची सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट ट्रान्सफर विंडो कागदावर हुबेहूब सारखी आहे.

पैशांची बाजू सोडून हा निवाडा करणे अन्यायाचे होईल. २००६ मध्ये उघडलेल्या एमिरेट्सला सुमारे ३९ कोटी पौंड लागले, त्यातले बरेचसे कर्ज होते, आणि ते फिटेपर्यंत दरवर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये पोचणे ही गरजच होती. ती त्यांनी सलग १९ मोसम भागवली, त्यातही एका बाजूला चेल्सी आणि २००८ नंतर दुसऱ्या बाजूला मँचेस्टर सिटी असताना. उलट, सुरुवातीच्या यशात अॅडम्स, डिक्सन, विंटरबर्न, बोल्ड आणि कीऑन ही बचावफळी आयती मिळाली होती, आणि डेनिस बर्गकॅम्पही त्यांच्या येण्याआधी वर्षभर क्लबमध्ये होता. या सहा नावांचे श्रेय मी त्यांना देत नाही.

शिवाय विकत घेणारा नेमका कोण, हा प्रश्न उरतोच. इंग्लंडमध्ये मॅनेजरचा शब्द अखेरचा, अशी जुनी रीत असली तरी १९९६ ते २००७ या काळात सौदे तडीस नेणारे क्लबचे उपाध्यक्ष डेव्हिड डीन होते. एप्रिल २००७ मध्ये ते क्लबमधून बाहेर पडले, आणि करार संपत आलेल्या खेळाडूंच्या नोंदी माझ्या वहीत त्यानंतरच दाट होत जातात. यात वेंगर किती आणि डीन यांची उणीव किती, हे मला वेगळे काढता आलेले नाही.

आघाडीपटूच्या पानावरची वेंगर यांच्या काळातली शेवटची नोंद पिएर-एमेरिक ऑबामेयांगची आहे. जानेवारी २०१८, ५ कोटी ६० लाख पौंड, तेव्हाचा क्लबचा विक्रम. चारच महिन्यांनी वेंगर गेले. पुढच्या मोसमात तो लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा संयुक्त मानकरी ठरला, १ ऑगस्ट २०२० रोजी एफए कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच होते, त्यानंतर दीड महिन्याने त्याला घसघशीत पगाराचा नवा करार मिळाला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एक पौंडही न घेता क्लबने त्याला बार्सिलोनाला जाऊ दिले. खरेदी वेंगर यांच्या काळातली, कप नंतरचे मॅनेजर मिकेल आर्टेटा यांचा, पगार पुढेही क्लबच्या डोक्यावर राहू नये म्हणून सोडलेले पाणी मालकांचे. ही ओळ कोणाच्या खात्यावर टाकायची हे बाबांना विचारले, तर त्यांनी आधी पगाराचा आकडा मागितला. ती मी अजून पेन्सिलनेच ठेवली आहे.