१२ कशाचे?

नाचणीच्या शेवेच्या पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' एवढंच छापायचं होतं. ग्लूटेन म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन. या लेबलासाठी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेन. शेवेत नाचणी, तांदूळ, डाळीचं पीठ. गव्हाला मी त्या खोलीत फिरकूही देत नाही. त्यामुळे सँपल कुरियर केलं आणि रिपोर्टची वाट न पाहता लेबलं छापायला टाकली. तेवढी घाई तुम्ही करू नका.

रिपोर्ट आला. एलायझा (प्रथिन मोजायची चाचणी), आर-५ पद्धत, निकाल १२ मिलिग्रॅम प्रति किलो. मी खूश! भाचीने रिपोर्ट पाहिला नि विचारलं, "मावशी, १२ कशाचे?"

आर-५ची चाचणी मोजते ग्लायडिन, म्हणजे ग्लूटेनचा एक भाग. ते दुप्पट केलं की ग्लूटेन. रिपोर्टवर मात्र नुसता आकडा. १२ ग्लूटेन असेल तर पास, ग्लायडिन असेल तर २४, म्हणजे नापास.

लॅबला फोन केला. "मॅडम, रिपोर्टमध्ये आहे तेच आहे." मेल केला, उत्तर आलं, तोच रिपोर्ट पुन्हा जोडून. पुन्हा फोन केला तर टेक्निकलचे साहेब रजेवर. साहेब आले तेव्हा ऑडिट. असे तीन आठवडे गेले. हे सांगायला एक शब्द पुरला असता. शेवटी सकाळच्या गाडीने गेले आणि काउंटरसमोरच्या बाकावर बसून राहिले. दुपारी एक मुलगी बाहेर आली, वही उघडून म्हणाली, "ग्लायडिन आहे काकू."

म्हणजे २४. गहू आला कुठून? हिंगातून! आपला बांधानी हिंग बहुतेक वेळा मैद्यात मळलेला असतो. डबीवरचे घटक मी आयुष्यात पहिल्यांदा वाचले. आता तांदळाच्या पिठातला घेते.

हो, हे राहिलंच. पदार्थात नाचणी असल्याचं फॉर्मवर ठळक लिहा. तिच्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य प्रथिनाला धरून बसतं आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो. म्हणून लॅबमध्ये अर्क काढताना स्किम्ड दूध पावडर घालतात. आणि पीसीआर चाचणी स्वस्त पडतंय म्हणून घेऊ नका, ती डीएनए शोधते, ग्लूटेन नाही.

दुसऱ्या वेळी फॉर्मवर लाल पेनने लिहिलं: 'निकाल ग्लूटेनमध्ये द्यावा'. आला, '५ पेक्षा कमी, ग्लूटेन म्हणून'. काउंटरवरच्या गृहस्थांना विचारलं, हे पहिल्यांदाच का नाही लिहिलंत?

"तुम्ही मागितलं नव्हतं."