रंगूनमधून लोक वेळेत का निघाले नाहीत? तुम्ही विचारलंत म्हणून

माझे आजोबा जानेवारी 1942 मध्ये रंगूनला, म्हणजे तेव्हाच्या बर्माच्या (आताच्या म्यानमारच्या) राजधानीत गेले आणि आपल्या धाकट्या बहिणीला तिच्या तीन मुलांसह परत घेऊन आले, हे मी कुठेही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "पण तिथल्या लोकांना कळत नव्हतं का? जपानी येतायत हे दिसत असताना ते आधीच का नाही निघाले?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण दार उघडं होतं आणि माणसं सुस्तपणे घरात बसून राहिली, असं त्या प्रश्नात धरून चाललेलं असतं. ते मला सोसत नाही, म्हणून एकदा नीट उत्तर देते.

आधी रंगून कसं होतं ते बघा. 1931 च्या जनगणनेत शहराची वस्ती 4 लाख होती आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक भारतीय होते. बंदरावर तेलुगू हमाल, पेढ्यांवर तमिळ चेट्टियार सावकार, कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत बंगाली, बाजारात गुजराती आणि सुरती व्यापारी. 1 एप्रिल 1937 पर्यंत तर बर्मा हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. कलकत्त्याहून आगबोटीत बसायचं आणि रंगूनच्या धक्क्यावर उतरायचं, इतकं ते जवळ वाटायचं. मराठी माणसं तिथे थोडी, पण होती. आमच्या रत्नागिरीकडे तर बर्मा घराघरांत ठाऊक होता. तिथला राजा थिबा 1916 मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीतच कैदेत होता आणि इकडचे टिळक 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात. त्यामुळे आजोबांच्या बहिणीला रंगूनला नोकरी करणारं स्थळ आलं तेव्हा कोणी फारसं दचकलं नाही.

या बहिणीला आमच्या घरात सगळेच आत्या म्हणायचे, अगदी आम्ही नातवंडंसुद्धा. तिचे यजमान, आमचे आतोबा, रेल्वेच्या हिशेब खात्यात कारकून होते. 1930 आणि 1938 मध्ये रंगूनला भारतीयांविरुद्ध दंगली झाल्या. 38 सालची दंगल दोघांनी अंगावर काढली होती. घाबरून गावी निघून गेलेल्या शेजाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्या जागा भरल्या गेल्या, हेही पाहिलं होतं. ज्याची रोजीरोटी त्या शहरावर आहे त्याला "आधीच निघणं" म्हणजे काय असतं, याचा धडा त्यांना तेव्हाच मिळाला होता.

आणि डिसेंबर 1941 च्या सुरुवातीपर्यंत सरकारच सांगत होतं की सिंगापूर अभेद्य आहे, त्याच्या मागे असलेल्या रंगूनला कसली काळजी.

23 डिसेंबरला सकाळी पहिला बॉम्बहल्ला झाला. भोंगा वाजला तेव्हा लोक खंदकांत शिरले नाहीत, रस्त्यावर येऊन वर बघत उभे राहिले. विमानं चांदीसारखी चमकत होती, असं आत्या सांगायची. लढाई म्हणजे काय ते त्या गर्दीने पाहिलेलंच नव्हतं. मृतांचा आकडा हजारापेक्षा कितीतरी वर गेला, काही अंदाज दोन हजारांच्याही पुढचे आहेत. नाताळच्या दिवशी पुन्हा हल्ला झाला.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. लोक निघाले. त्याच दिवशी निघाले. हजारो भारतीय डोक्यावर बोचकी घेऊन उत्तरेला प्रॉमच्या रस्त्याला लागले. तिथून इरावती नदी ओलांडायची, टाँगूपची खिंड चढून आराकानच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि तिथून चितगाव गाठायचं, असा बेत होता. सरकारने त्यांना अडवलं. इरावती ओलांडू दिली नाही, परत फिरा म्हणून सांगितलं. कारण बंदर बंद पडलं होतं. चीनला जाणारा अमेरिकन युद्धसामग्रीचा माल रंगूनच्या धक्क्यावर उतरत होता आणि तो उतरवणारे हात भारतीय होते. गटारं साफ करणारे, दूध घालणारे, ट्राम चालवणारे, सगळे भारतीय. ते गेले की शहर थांबतं, हे सरकारला दोन दिवसांत कळलं होतं. परत या, तुम्हाला संरक्षण देऊ, असा शब्द देऊन कित्येकांना माघारी आणलं. वेळेत निघालेल्या माणसांना परत बोलावलं गेलं, आणि पुढे फेब्रुवारीत तोच रस्ता त्यांना पुन्हा तुडवावा लागला, तेव्हा तिथे पटकी (कॉलरा) पसरलेली होती.

हे वाचल्यावर मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

राहिला समुद्र. बोटी कलकत्त्याला, मद्रासला जात होत्या. पण धडधाकट भारतीय पुरुषाला डेकचं, म्हणजे उघड्या तक्तपोशीवरचं स्वस्त तिकीट द्यायचं नाही असा हुकूम निघाला. केबिनचं तिकीट ज्याला परवडतं त्याची गोष्ट निराळी, हमालाला आणि कारकुनाला डेकच ठाऊक. म्हणजे बायका-मुलं जाऊ शकतात, घरचा पुरुष नाही. जिने आयुष्यात एकटीने बाजारसुद्धा केला नसेल, तिने तीन मुलं घेऊन रांगेत उभं राहायचं, बोटीत जागा मिळवायची आणि कलकत्त्याला उतरून पुढचं बघायचं. पुष्कळ बायकांनी नवऱ्याशिवाय हलायला नकार दिला तो याच कारणाने. त्याला अडाणीपणा म्हणू नका.

आतोबांना तर दोन बाजूंनी बांधलं होतं. तिकीट नाही, आणि रेल्वे ही अत्यावश्यक सेवा, त्यामुळे कामावरून हलायचं नाही. त्यांनी आजोबांना कलकत्त्याला तार केली.

आजोबा कलकत्त्यात एका जहाज-एजंटाच्या कचेरीत हिशेबनीस होते. रंगूनला सैन्य आणि सामान घेऊन जाणाऱ्या बोटी परतताना माणसं आणत होत्या. कचेरीच्या कामाचा कागद हातात असल्यामुळे आजोबांना जाताना जागा मिळाली आणि येतानाही. लोक त्यांच्या धाडसाचं कौतुक करतात. धाडस होतंच, पाणबुड्यांच्या भीतीच्या दिवसांत बंगालचा उपसागर ओलांडून बॉम्ब पडणाऱ्या शहरात जाणं सोपं नव्हतं. पण आजोबा स्वतः धाडसाचं नाव काढत नसत. "माझ्या खिशात कागद होता," एवढंच म्हणायचे. मला त्यांचंच म्हणणं बरोबर वाटतं. त्या धक्क्यावर त्यांच्याइतकीच हिंमत असलेले हजारो भाऊ आणि बाप उभे होते. त्यांच्याकडे कागद नव्हता.

जानेवारीतल्या रंगूनबद्दल आत्या फार बारकाईने सांगायची, आणि तिच्या सांगण्यात युद्ध कमी, घर जास्त असायचं. दूधवाला गेला, मग धाकट्याला भाताची पेज. झाडूवाले गेले, मग जिन्याखाली कचऱ्याचा ढीग आणि उंदीर. दुकानं अर्धा दिवस उघडायची, मग तीही बंद झाली. रात्री दिवे लावायचे नाहीत, त्यामुळे स्वयंपाक चार वाजता आटपायचा. शेजारच्या तमिळ बाईने आपल्या कोंबड्या हिच्याकडे सोपवल्या आणि ती प्रॉमच्या बाजूला निघून गेली. तिचं पुढे काय झालं ते आत्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या घरातल्या कोणाहीपेक्षा त्या बाईची आठवण आत्या जास्त काढायची.

आजोबा पोचले तेव्हा आत्याने यायला नकार दिला. दोन दिवस वाद झाला. शेवटी आतोबांनीच तिला सांगितलं, "तू इथे असलीस तर मला पळता येणार नाही." ते ऐकून ती उठली. तिने बरोबर घेतलं ते मुलांचे कपडे, देव, पोह्यांची पिशवी आणि आतोबांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे कागद. शिवणयंत्र राहिलं. ते यंत्र तिने स्वतः शिवणं करून घेतलेलं होतं, आणि पुढे आयुष्यभर दुसरं विकत घेतलं नाही.

धक्क्यावरची गर्दी हा आजोबांच्या सांगण्यातला सगळ्यात कठीण भाग. बायका आत, पुरुष बाहेर. पोलीस रांगेतून पुरुषांना बाजूला काढत होते. कोणी मूल खांद्यावरून पुढे देतंय, ते मूल कोणाच्या हातात गेलं ते मागच्याला दिसत नाही. आजोबांच्या कडेवर त्यांचा भाचा होता. एका अनोळखी माणसाने त्यांना आपल्या बायकोचं नाव सांगितलं, ती पुढे गेली आहे, बोटीवर तिच्याकडे लक्ष ठेवा म्हणाला. आजोबांनी ती शोधली. ती मद्रासकडची होती, हिंदी येत नव्हतं. कलकत्त्याला उतरल्यावर तिला मद्रासच्या गाडीत बसवूनच हे सगळे घरी आले.

समुद्रमार्गे रंगूनहून सुमारे 70 हजार लोक सुटले असं मानतात. बाकीचे बहुतेक पायी, आणि त्यांत आमचे आतोबा.

20 फेब्रुवारीला रंगून खाली करण्याचा हुकूम निघाला. ज्यांना महिन्यापूर्वी जाऊ दिलं नव्हतं त्यांना आता जा म्हणाले. तीन दिवसांनी माघार घेणाऱ्या इंग्रजांनी सितांग नदीवरचा पूल उडवला, आपल्याच सैन्याचे हजारो लोक पलीकडे राहिले असताना. शहरातले तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ यांची दारं उघडली. 7 मार्चला रंगूनजवळच्या सिरियमचे तेलाचे कारखाने इंग्रजांनी स्वतः पेटवले आणि 8 मार्चला जपानी शहरात शिरले. आतोबा त्याआधी कचेरीच्या कागदांबरोबर मंडालेला गेले होते. तिथे 3 एप्रिलला बॉम्ब पडले आणि लाकडी घरांचं ते शहर जळलं. मग मोन्यवा, तिथून चिंडविन नदीने कलेवा, पुढे पायी तामू, पालेल, इंफाळ आणि शेवटी दिमापूर. वाटेत हगवण, मलेरिया, आणि रस्त्याच्या कडेला बसलेली, पुन्हा न उठलेली माणसं. मेच्या मध्याला पाऊस सुरू झाल्यावर मागून येणाऱ्यांचे जे हाल झाले, त्यांपुढे आपलं काहीच नाही, असं ते म्हणायचे.

त्या वाटेवरही रंग बघितला जात होता. गोऱ्यांना एक रस्ता, भारतीयांना दुसरा, जास्त लांबचा आणि कमी सोयींचा, अशा तक्रारी हिंदुस्थानात पोचल्या आणि लोकांनी त्यांना "गोरा रस्ता" आणि "काळा रस्ता" म्हणायला सुरुवात केली. अलाहाबादला एप्रिलअखेरीस भरलेल्या काँग्रेस महासमितीने या प्रश्नावर ठराव केला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचं खातं तेव्हा आपल्या यवतमाळच्या बापूजी अण्यांकडे होतं, त्यामुळे मराठी घरांतून या बातम्या फार लक्ष देऊन वाचल्या जात. एकूण 5 लाखांच्या आसपास लोक बर्मातून आले. वाटेत किती गेले याचे अंदाज 10 हजारांपासून 50 हजारांपर्यंत आणि त्याहीवर जातात. अंदाजांत एवढं अंतर आहे, कारण या माणसांची मोजदाद कोणी ठेवलीच नाही. रंगूनच्या पाडावाविषयी सेनापतींच्या हालचाली तासातासाच्या हिशेबाने लिहून ठेवलेल्या आहेत. त्या तमिळ शेजारणीचं नाव मात्र कुठल्याही यादीत सापडणार नाही.

आजोबा त्या दिवसांत सियालदा स्टेशनवर जाऊन उतरणाऱ्यांना विचारत फिरायचे. रामकृष्ण मिशनचे आणि इतर संस्थांचे स्वयंसेवक तिथे निर्वासितांसाठी राबत होते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका स्वयंसेवकाने निरोप आणला की तुमच्या आडनावाचा एक मनुष्य इस्पितळात आहे. आजोबांनी आतोबांना आधी ओळखलं नाही.

हे उत्तर ऐकल्यावर काही जण आणखी एक प्रश्न विचारतात. एवढं सोसून आतोबा 1946 मध्ये पुन्हा रंगूनला नोकरीवर का गेले? त्याचंही उत्तर साधं आहे. त्यांची नोकरी तिथे होती, फंड तिथे अडकला होता, आणि इकडे चार वर्षं ते मेहुण्याच्या घरी, मिळेल तो हिशेब लिहून दिवस काढत होते. या वेळी ते एकटे गेले. 4 जानेवारी 1948 ला बर्मा स्वतंत्र झाला, त्याच वर्षी फंडाचे पैसे घेऊन ते परत आले. तिकीट त्यांनी स्वतः काढलं होतं, डेकचं.